पीसीओएस: पाळीच्या नोंदीपासून उपचारांपर्यंत, एकेक पायरी

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ असं छापून आलं की बऱ्याच मुली त्याच दिवशी दोन गोष्टी करतात: इंटरनेट उघडतात आणि जेवण कमी करतात. दोन्हीची इतकी घाई नसते. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, एका तपासणीत ‘निघत’ नाही आणि त्यावर सगळ्यांना लागू पडेल असा एकच उपचारही नाही. (पीसीओडी आणि पीसीओएस ही नावं व्यवहारात एकाच त्रासासाठी वापरली जातात. पहिला सौम्य आणि दुसरा गंभीर, ही विभागणी कोणत्याही निदानाच्या निकषांत नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना तो आहे हे कळलेलंच नसतं. दुसऱ्या बाजूला, पाळी सुरू होऊन दोन वर्षंही न झालेल्या मुलींवर केवळ सोनोग्राफीवरून शिक्का बसतो. दोन्हीकडे नुकसान मुलीचंच.

माझं मत असं की उपचाराची सुरुवात वजनकाट्यावरून करू नये. आत्ता सर्वांत जास्त काय छळतंय, तिथून करावी. त्याच्या जोडीला गर्भाशयाचं अस्तर आणि रक्तातली साखर या दोन गोष्टींवर, काहीही त्रास जाणवत नसला तरी, नजर ठेवावी.

पायरी १: तीन महिन्यांची नोंद

डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘पाळी नियमित आहे का?’ हाच असतो आणि आपण ‘थोडी मागेपुढे होते’ असं सांगून मोकळ्या होतो. यातून त्यांना काहीच कळत नाही. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस धरा. नुसता डाग दिसला तर तो दिवस मोजू नका, वेगळा लिहून ठेवा. त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. सोबत स्राव किती दिवस होता, पॅड किती वेळाने बदलावं लागलं, पोटात किती दुखलं, हे लिहा.

पाळीखेरीज चेहऱ्यावरचे, हनुवटीखालचे, छातीवरचे, बेंबीखालचे केस किती दिवसांनी काढावे लागतात तेही टिपा. मुरुमं जबड्याच्या कडेला येतात का, भांग रुंद होत चाललाय का, मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा झालीय का, हे पाहा. ही शेवटची खूण मळाची नसते, घासून जात नाही. ती बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची असते. घरात कोणाला मधुमेह आहे का, आई-बहिणीची पाळी कशी होती, कोणती औषधं चालू आहेत, गेल्या वर्षभरात वजन किती बदललं, एवढं लिहिलं की पहिल्या भेटीचं निम्मं काम झालं.

आता अनियमित कशाला म्हणायचं? हे पाळी सुरू होऊन किती वर्षं झाली त्यावर ठरतं. पहिल्या वर्षात पाळी कशीही आली तरी ती शरीराची जुळवाजुळव असते. एक ते तीन वर्षांच्या काळात चक्र २१ दिवसांपेक्षा लहान किंवा ४५ दिवसांपेक्षा मोठं असेल तर ते अनियमित. तीन वर्षांनंतर हीच मर्यादा २१ ते ३५ दिवसांवर येते, आणि वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या हीसुद्धा अनियमितताच. पहिलं वर्ष उलटल्यावर एखादं चक्र ९० दिवसांच्या पुढे गेलं, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर नोंदवही भरण्याची वाट पाहू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

पायरी २: निदान पक्कं करून घ्या

१९३५ मध्ये शिकागोतल्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या त्रासाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात मोठी झालेली अंडाशयं डोळ्यांत भरत होती. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष अंडाशयांवरच खिळलं. प्रत्यक्षात सोनोग्राफीत जे काळे ठिपके दिसतात ते अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश असतात. त्या गाठी नसतात, फुटत नाहीत आणि शस्त्रक्रियेने काढायच्याही नसतात.

२००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष थोड्याफार सुधारणांसह आजही वापरात आहेत. तीन गोष्टी पाहतात: स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडणं (त्याची सोपी खूण म्हणजे अनियमित पाळी), अँड्रोजेन ही पुरुषी संप्रेरकं वाढल्याची अंगावरची किंवा रक्तातली खूण, आणि सोनोग्राफीत बीजकोश जास्त दिसणं. प्रौढ स्त्रीमध्ये यांपैकी दोन असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल तर निदान होतं. म्हणजे पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस, एवढं असेल तर निदानासाठी सोनोग्राफी लागतच नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्तचाचणी चालेल असंही म्हटलं आहे.

किशोरवयीन मुलींसाठी मात्र नियम कडक आहे आणि तोच सर्वांत जास्त मोडला जातो. त्यांच्यात पहिल्या दोन्ही खुणा असायलाच हव्यात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही पुष्कळ बीजकोश दिसतात. एकच खूण असेल तर ‘शक्यता आहे, पुढे पुन्हा पाहू’ असं म्हणून त्रासावर उपचार सुरू करता येतात. सोळा वर्षांच्या मुलीला ‘तुला पुढे मूल होणार नाही’ असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, आणि तिच्या मनावर ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं.

मग येतो ‘दुसरं कारण’ वगळण्याचा भाग. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी ती चाचणी. थायरॉइडसाठी टीएसएच, मग दूध आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, अँड्रोजेनसाठी टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी हे रक्तातलं प्रथिन, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचा एक आनुवंशिक दोष वगळण्यासाठी सकाळी घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेली अँड्रोजेनची चाचणी भरवशाची नसते. ती करायचीच असेल तर गोळ्या तीन महिने बंद ठेवाव्या लागतात, तेही डॉक्टरांशी बोलून आणि त्या काळासाठी दुसरी गर्भनिरोधक सोय पाहून. एलएच आणि एफएसएच या मेंदूकडून अंडाशयांकडे येणाऱ्या संप्रेरकांचं गुणोत्तर निदानाच्या निकषांत नाही. उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याचीही नेहमीच्या उपचारांसाठी गरज नसते. यादी लांबत गेली तर ‘या चाचणीच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल?’ असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

एका कारणाबद्दल मुद्दाम सांगते, कारण ते हमखास निसटतं. खूप कमी खाणं, अति व्यायाम, मोठा मानसिक ताण यांमुळेही मेंदू अंडाशयांना मिळणारे संदेश कमी करतो आणि पाळी थांबते. अशा मुलींच्या सोनोग्राफीतही कधीकधी बरेच बीजकोश दिसतात. तिच्यावर पीसीओएसचा शिक्का मारून ‘वजन कमी कर’ असं सांगितलं तर आजार वाढतो आणि हाडं ठिसूळ होत जातात. तुम्ही सडपातळ आहात, वजन नुकतंच उतरलंय, जेवणाची भीती वाटते, तर हे स्वतःहून सांगा.

आणि काही लक्षणं थांबून पाहण्याजोगी नाहीत. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, योनिलिंग मोठं झालं. स्तनांतून दूध आलं, सोबत डोकेदुखी किंवा अंधुक दिसू लागलं. अंगावर रुंद जांभळे पट्टे उमटले आणि हातापायांतली ताकद गेली. किंवा दर तासाला पॅड भिजतंय आणि चक्कर येतेय. पहिल्या तिन्हींमागे पीसीओएसहून वेगळा आजार असू शकतो, तेव्हा लवकर दाखवा. चौथ्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आत नेमकं काय बिघडतं

ऐकू कमी येणाऱ्याशी बोलताना आपण आवाज चढवतो. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांच्या स्नायूंना आणि यकृताला इन्सुलिनचा संदेश असाच कमी ऐकू जातो, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. अंडाशयांना मात्र तो चढलेला आवाज पुरेपूर ऐकू जातो आणि ती जास्त अँड्रोजेन तयार करू लागतात. त्यातच जास्तीच्या इन्सुलिनमुळे यकृतात एसएचबीजी कमी बनतं. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मेंदूकडून येणारं एलएचही बऱ्याचदा जास्त असतं. या सगळ्यात बीजकोश अर्ध्यावर थांबतात, स्त्रीबीज बाहेर पडत नाही, आणि त्यानंतर जे प्रोजेस्टेरॉन तयार व्हायला हवं ते होत नाही.

वजन वाढलं की हे चक्र जोर धरतं हे खरं, पण सडपातळ मुलींमध्येही ते असतं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ‘तू नीट खात नाहीस म्हणून झालं’ हे खरं नाही, आणि ते कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

पायरी ३: अस्तराची काळजी

स्त्रीबीज बाहेर पडत नसेल तर इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं, आणि ते थांबवायला, गाळायला लागणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. महिनोन्‌महिने असं चाललं की अस्तर जाड होतं, मग एकदम पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात तो मुळातच फार कमी असतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण ‘पाळी आली नाही तर बरंच, कटकट नाही’ हा विचार मात्र सोडा.

साधा नियम असा: ९० दिवसांपेक्षा जास्त काळ पाळीशिवाय जाऊ देऊ नये. यासाठी तीन वाटा आहेत. साधारण १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन पाळी आणणं, ही पहिली. या गोळ्या संपल्यावर साधारण आठवड्याभरात स्राव येतो. अधूनमधून अशा घेतलेल्या गोळ्या गर्भधारणा रोखत नाहीत, हे ध्यानात ठेवा. दुसरी वाट रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांची, तिसरी संप्रेरक सोडणाऱ्या तांबीसारख्या साधनाची. त्यात पाळी अगदी कमी होते किंवा थांबते, तरी अस्तर पातळच राहतं, त्यामुळे तिथे ९० दिवसांचा हिशेब लावायचा नाही.

पायरी ४: खाणं, हालचाल, झोप

पीसीओएससाठी खास असा कोणताही आहार श्रेष्ठ ठरलेला नाही. २०२३ ची मार्गदर्शिकाही हेच सांगते. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद, दूध बंद, फळं बंद या बंद्यांना आधार नाही. सीलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) किंवा दुधाचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. जो बदल तुम्ही दोन वर्षांनीही करत असाल तोच उपयोगाचा.

मी सुरुवात ताटातून काही काढण्याऐवजी भर घालण्यापासून करायला सांगते. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक वाटा हवा: डाळ, कडधान्य, अंडं, मासे, दही, जे चालत असेल ते. भाज्या आत्ता घेता त्याच्या दुप्पट करा. धान्य शक्य तितकं अख्खं, कोंड्यासकट. मग पिण्यातली साखर पाहा, कारण सरबतं, शीतपेयं, गोड कॉफी यांतली साखर पोट न भरता रक्तात जाते. एवढं बसलं की पुढचं. सकाळचं खाणं टाळून रात्री भुकेने तुटून पडणं, हे मुलींमध्ये फार दिसतं. त्यातून अति खाणं आणि मग अपराधीपणा, असं वर्तुळ सुरू होतं. ते सुरू झालं असेल तर आहारतक्त्याच्या आधी त्यावर मदत घ्या.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटही बऱ्याच जणींना पाळीसाठी आणि साखरेसाठी उपयोगी ठरते. ७० किलो वजन असेल तर ते साडेतीन ते सात किलो होतं. ‘आदर्श वजन’ गाठायची अट नाही. आणि वजन तसंच राहिलं तरी व्यायामाचा फायदा बुडत नाही. स्नायू काम करू लागले की इन्सुलिनचा संदेश त्यांना जास्त चांगला पोहोचतो.

प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, ज्यात धाप लागते पण बोलता येतं. किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम. त्याखेरीज सलग नसलेले दोन दिवस ताकदीचा व्यायाम: वजनं, बैठका, भिंतीला टेकून किंवा जमिनीवर दंड. हा दुसरा भाग मुली हमखास गाळतात. तो गाळू नका, त्याने अंग पुरुषी होत नाही. किशोरवयीन मुलींनी रोज तासभर हालचाल करावी, खेळ असेल तर उत्तमच. शून्यापासून सुरुवात असेल तर पहिल्या आठवड्यात जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, एवढंच ठेवा.

झोपेत मोठ्याने घोरणं, दिवसभर पेंग, सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार पीसीओएसमध्ये जास्त आढळतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

पायरी ५: औषधं

पाळी, मुरुमं, केस या तिन्हींसाठी पहिली निवड साधारणपणे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन असलेल्या एकत्रित गोळ्यांची असते. त्या एसएचबीजी वाढवतात, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. त्यांनी वंध्यत्व येत नाही. पण गोळ्या बंद केल्यावर मूळ त्रास परत दिसू शकतो, कारण त्या आजार मुळापासून काढत नाहीत. कमी इस्ट्रोजेनच्या गोळ्या पुरतात. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनसोबत सायप्रोटेरॉन असलेली गोळी पहिली निवड असू नये, कारण तिच्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका जास्त आहे. तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना अशी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे लखलखाट किंवा नागमोडी रेषा येऊन अर्धशिशी होत असेल, रक्तदाब जास्त असेल, तुम्ही सिगारेट ओढत असाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मैत्रिणीची गोळी पाहून तीच आणू नका.

मेटफॉर्मिन इन्सुलिनच्या बाजूने काम करतं आणि मुख्यतः वजन व साखरेच्या त्रासात उपयोगी पडतं. पाळीलाही थोडी मदत होते, केसांवर मात्र फारसा परिणाम नाही. मळमळ आणि जुलाब यांमुळे अनेक जणी ते आठवड्यातच सोडतात. ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून एक-दोन आठवड्यांनी हळूहळू वाढवलं, जेवणासोबत घेतलं, किंवा सावकाश विरघळणारी गोळी मागून घेतली तर बऱ्याचदा सोसतं. दीर्घकाळ घेणार असाल तर बी-१२ तपासून घ्या.

केसांसाठी सर्वांत जास्त लागतो तो धीर. प्रत्येक केसाचं वाढीचं चक्र महिन्यांचं असतं, त्यामुळे औषधाचा परिणाम दिसायला किमान सहा महिने जातात. दोन महिन्यांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून बंद करणं म्हणजे औषधाला संधीच न देणं. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी अँड्रोजेनविरोधी औषधं जोडतात. ती घेताना गर्भधारणा होऊ देता कामा नये, कारण मुलग्याच्या गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दरम्यान वॅक्सिंग, थ्रेडिंग, रेझर काहीही वापरा. रेझरने केस राठ किंवा जास्त होत नाहीत. गडद केसांवर लेझर चांगलं काम करतं, पण आतले अँड्रोजेन ताब्यात नसतील तर केस पुन्हा येत राहतात.

इनोसिटॉल या पूरक पदार्थाबद्दल विचारणा खूप होते. त्याने फारसं नुकसान होत नाही, पण फायद्याचा पुरावा तोकडा आहे. परवडत असेल आणि घ्यावंसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, मात्र त्यासाठी चालू औषध सोडू नका. ‘हार्मोन्स संतुलित करणारी’ पावडर आणि ‘मुळापासून बरं’ करण्याची हमी यांवर खर्च करू नये, असं मी स्पष्ट सांगेन. ज्यात काय घातलंय ते लिहिलेलं नाही, ते पोटात जाऊ देऊ नका.

मनाचं

नैराश्य आणि चिंता पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतात, आणि निदानाच्या वेळीच त्याबद्दल विचारावं असं मार्गदर्शिका सांगते. तरी बहुतेक भेटींत हा विषय निघत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, आरशात पाहणं टाळत असाल, कोणाला भेटावंसं वाटत नसेल, तर तुम्हीच विषय काढा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका, आजच विश्वासातल्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. घरच्यांनी वजन, केस, त्वचा यांवर शेरे मारणं थांबवलं तरी मुलीला केवढातरी आधार होतो.

मूल हवं असेल, किंवा आत्ता नको असेल

आधी ‘नको’बद्दल, कारण गैरसमज तिथे जास्त आहे. पाळी अनियमित म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही. स्त्रीबीज कधी बाहेर पडेल सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गर्भनिरोधक वापरायलाच हवं.

मूल हवं असेल तर फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करा, साखर आणि रक्तदाब तपासा, आणि चालू औषधांपैकी कोणती थांबवायची ते विचारा. स्त्रीबीज बाहेर पडत नसेल आणि दुसरी अडचण नसेल तर पहिलं औषध लेट्रोझोल. ते मुळात स्तनाच्या कर्करोगाचं औषध असल्याने माहितीपत्रक वाचून घाबरू नका, इथे ते महिन्यातले मोजके दिवसच घ्यायचं असतं. अनेक जणींना एवढ्यावर किंवा काहीही न घेता गर्भ राहतो.

दरवर्षीची उजळणी

रक्तदाब वर्षातून एकदा. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी सर्वांत भरवशाची आहे. उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ठीक आली तरी या चाचणीत बिघाड दिसू शकतो. ती निदानाच्या वेळी आणि नंतर धोक्यानुसार एक ते तीन वर्षांनी करावी, वजन कमी असलं तरीही. कोलेस्टेरॉल निदानाच्या वेळी पाहून घ्या. गरोदरपणाआधी साखरेची ही चाचणी झाली नसेल तर गरोदरपणातल्या पहिल्याच भेटीत ती करून घ्या, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करा.